मामासाठी शिवलेली चंची

आमच्या वडिलांचा रुसवा म्हणजे रुसवाच. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मामाच्या पोराचं लग्न झालं. त्यात टावेल-टोपीच्या मानाला वडिलांचं नाव पुकारायचं राहून गेलं, एवढंच निमित्त. भरल्या ताटावरून उठले, आणि घरी आल्यावर आईला बजावलं, "त्या घरचं पानी सुदिक प्यायचं न्हाई." आई काय बोलणार? तिला एकच भाऊ, पाठचा. दिवाळी आली आणि गेली, ना ओवाळणी ना माहेर. त्या टोपीचा मला अजून राग येतो.

मग आईनं मामासाठी चंची शिवायला घेतली. पान, सुपारी, तमाखू, चुन्याची डबी, सगळं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून गुंडाळायची आणि कमरेला खोचायची ती चंची. मामानं दरसाल भाऊबिजेला दिलेल्या खणांच्या चोळ्या शिवून उरलेले तुकडे तिनं जपून ठेवले होते, तेच जोडले. "आपले खण वळखू येतील की त्याला," म्हणाली. आत जुन्या लुगड्याची घडी आणि वरून गोधडीसारखा बारीक धावदोरा. वडील वावरात गेले की ती शिवायला बसायची. किती खुशीत असायची तेव्हा! मामा जवळा बाजार या गावी बाजाराच्या दिवशी यायचाच. तिथं गाठून हातात चंची ठेवायची, की राग-बिग सगळा मिटला, असा तिचा हिशोब.

आमच्याकडे गोधडीचं पोट उपाशी ठेवत नाहीत. शेवटची बाजू बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. आता चंचीला कोण कशाला ठेवतंय? पण आईचा जीव. तिनं नखाएवढा तुकडा ठेवलाच. वर वडिलांना दिसू नये म्हणून चंची दडवली कुठं, तर ज्वारीच्या कणगीमागं! उंदराला आयतं आवतणच की. बाजाराच्या दिवशी सकाळी काढून बघते, तर मधोमध हे भगदाड. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया, आता काय करू गं!"

तरी पिशवीत घालून ती बाजारला नेली, तसलाच खण मिळाला तर ठिगळ लावता येईल म्हणून. खणवाल्याकडं तसला नव्हता. आणि वळलो तर समोर मामा.

"आक्का, बरी हाईस का?"

"हाय की. तू?"

"हाय."

झालं, एवढंच बोलणं. मी आईला कोपरानं डिवचलं, "दे की!" तिनं असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामा उगंच थोडा वेळ उभा राहिला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि "येतो मग" म्हणून गर्दीत गेला.

"भोकाची वस्तू भावाला देऊ व्हय? नीट करून पुढल्या बाजारी देते," आई म्हणाली. घरी येईपर्यंत वाटभर तेच म्हणत राहिली.

पुढला बाजार यायच्या आत निरोप आला. मामा वावरात काम करता करता कोसळला, तो उठलाच नाही. वडिलांनी स्वतः बैलगाडी जुंपली. आईकडं बघायची मात्र त्यांची हिंमत होत नव्हती.

राख सावडून माणसं परतली, तेव्हा मामीनं मामाच्या कमरेची चंची आणून आईच्या पुढ्यात ठेवली. आईनंच कधीकाळी शिवलेली, पार विटून गेलेली. एकही कप्पा धड नव्हता.

"नवी घ्या म्हणून कितीदा म्हणलं, वन्सं," मामी म्हणाली. "सुपारी सांडून राहिली, तमाखू सांडून राहिली. तर म्हणायचे, आक्काच्या हातची हाय, फाटकी तर फाटकी. दुसरी तीच देईल तवा घेईन."

आई त्या चंचीच्या भोकात बोट घालून बघत राहिली. मग वडिलांसमोर, सगळ्या माणसांसमोर ओरडली, "पिशवीतच व्हती रे! तू समोर उभा व्हतास, तवा माझ्या पिशवीतच व्हती!"