धुतलेला पंप

गाडीतून काढलेला पार्ट आधी डिझेलनं धुवायचा, मग बोलायचं, असा आमच्या कैलासभाऊ मेकॅनिकचा हट्ट. मी त्यांना चिडवायचो, "भाऊ, एखाद दिवशी गिऱ्हाइकालेही ट्रेमध्ये बुडवान." देवळी रोडवरच्या या शोरूममध्ये मी पार्टच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे त्यांचा वैताग पहिला माझ्याच वाट्याला येतो.

जूनमध्ये कोकिळाताईंच्या स्कूल व्हॅनचा डिझेल पंप गेला. वॉरंटी चालू होती म्हणून बरं, नवा पंप त्यांच्या आवाक्यातला नव्हता. सोमवारी शाळा उघडणार होती. व्हॅन उभी राहिली तर पिपरी मेघे गावची पोरं दुसऱ्या गाडीत बसणार, हे सांगताना ताईंचा आवाज चढला होता. भाऊंनी पंप उतरवला, उघडला आणि सवयीनं लख्ख धुतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. डिझेलमध्ये पाणी असेल तर वॉरंटी लागू नाही, ते बघायचंय, पंप न धुता काढलेला आतला फोटो पाठवा.

"धुतला काऊन, भाऊ?" क्लेम भरणाऱ्या रत्नदीपनं कपाळावर हात मारला.

"आत पाणी नव्हतं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"आता तुमचे डोळे कंपनीले कसे पाठवू?"

मग त्यानंच तोड काढली. तसाच पंप आदल्या आठवड्यात दुसऱ्या गाडीचा उतरला होता, त्याचा फोटो मोबाइलमध्ये पडून होता. तोच लावून द्यायचा. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

दुपारभर भाऊ एका गाडीजवळ टिकले नाहीत. पाना उचलायचे, ठेवायचे, काउंटरशी यायचे आणि चहा न पिताच परत फिरायचे. मला बघवेना. शेवटी त्यांनी रत्नदीपच्या हातून फॉर्म ओढला आणि स्वतः लिहिलं की पार्ट माझ्याकडून धुतला गेला, फोटो नाही. खाली सही ठोकली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

क्लेम नामंजूर झाला. शोरूमच्या मालकानंही खर्चाच्या नावानं हात वर केले.

हे सांगायला भाऊ स्वतः कोकिळाताईंसमोर उभे राहिले. सगळं सांगितलं, त्या दुसऱ्या फोटोचंसुद्धा. ताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत.

"चुकी तुमची होती, भाऊ. खरं बोलनंही तुमचंच," त्या म्हणाल्या. "मंग उभी गाडी माहीच काऊन?"