वहिनी कुणाच्या बाजूची?

समोर नसलेल्या माणसाची बाजू माझ्या वहिनीइतक्या जिद्दीनं घेणारं अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरं कुणी नसेल. ती लग्न होऊन झरीला आमच्या घरी आली, ती इंग्रजी साहित्यात एम.ए. होऊन. गावाला वाटलं, चला, फवारणीच्या डब्यांवरचं इंग्रजी वाचून घ्यायची सोय झाली. लोक डबे घेऊन येतात, वहिनी मात्रा नीट समजावून सांगते आणि निघता निघता अळीचीही थोडी कैफियत ऐकवते. आईच्या मालिकेतली खाष्ट सासू दिसली की सगळं घर तिच्यावर तुटून पडतं, वहिनी मेथी निवडत म्हणते, "तिचं कुणी ऐकूनच घेतलं न्हाई." सासूच्या देखत सासूचीच बाजू घेणारी ही सून बघून आईला हसावं की चिडावं कळत नाही. एकदा ती वैतागून म्हणाली, "एवढी वर्षं विद्यापीठात कादंबऱ्या वाचून तुला मिळालं तरी काय?"

"दुसऱ्याच्या मनात शिरायची सवय लागली, आई."

"मग आदी सैपाकघरात शिर. भात करपायलाय."

या सवयीच्या तडाख्यात एक दिवस आबा, म्हणजे माझे वडील, सापडले. धाकट्या काकांनी बांधावरचा कडुलिंब न विचारता तोडला, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. पण आबा दाराकडे पाठ करून बसत आणि येईल त्या पाहुण्याला कडुलिंबाची हकीकत ऐकवत. वहिनीनं ती तीनदा मन लावून ऐकली. चौथ्यांदा म्हणाली, "आबा, आता हेच काकांच्या तोंडानं सांगा बघू."

आबा ताटावरून उठले. दोन दिवस सुनेशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनी तूर पाखडत होती, तिच्यासमोर येऊन बसले आणि घसा खाकरून, काकांच्या चिरक्या आवाजाची नक्कल करत सुरू झाले, "तोडलं झाड! तोडणारच! माझी पोरगी त्याच्यावरून पडली, हात मोडला. आठ दिवस परभणीला दवाखान्यात होतो. अन् दादा..."

इथं नक्कल बंद पडली. पुढचं आबा स्वतःच्याच आवाजात म्हणाले, "दादा बघायला आला न्हाई."

आबांनी टोपी घातली, गल्ली ओलांडली आणि काकांकडून जेवूनच परतले.

मग दोघं भाऊ रोज संध्याकाळी एकत्र चहा प्यायचे, क्षुल्लक गोष्टींवरून मनसोक्त भांडायचे, एकाच मोटारसायकलवरून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचे. जेमतेम दोन वर्षं. मागच्या उन्हाळ्यात काका गेले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. आत वहिनी काकूला बळंच दोन घास भरवत होती. तिच्याकडे बराच वेळ बघून आबा हळूच म्हणाले, "हिला आपण लय उशिरा आणलं रे घरात."