दिनानाथ सरांचा शनिवारचा तास

दिनानाथ राऊत निर्मळ गावचे. घरची केळीची वाडी होती, पण त्यांचा जीव शब्दांत. नालासोपाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवत त्यांची तेवीस वर्षं गेली. शहाण्णवच्या निवडणुकीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की नववीची पोरं सभेतल्या घोषणा जशाच्या तशा निबंधात उतरवतात. तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास त्यांनी भाषण ऐकण्यासाठी राखून ठेवला. मैदानातल्या सभा ते टेपवर भरून आणत.

"टाळी पडली की थांबा," ते सांगत. "तिच्या आधीचं वाक्य लिहा. मग शोधा, त्यात माहिती किती आणि मसाला किती."

ऋतिका घाग यात सगळ्यांत तरबेज होती. पोरगी ऐकतानाच गालातल्या गालात हसायची.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. पाहुणे म्हणून आले शाळेचे अध्यक्ष दयारामशेठ. नळ नसलेल्या त्या वस्तीत पाण्याचे टँकर त्यांचेच फिरत.

"येत्या दिवाळीला घरोघर नळ!" शेठ गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरला तशी ऋतिका उभी राहिली.

"शेठ, नळ आले तर तुमच्या टँकरचं काय होणार?"

मागून हशा फुटला. शेठही हसले. "पोर हुशार आहे. कुणाची?"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सरांची छाती फुगली.

सोमवारी टँकर ऋतिकाच्या इमारतीपाशी थांबलाच नाही. चौकात अडवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "हुशार लोकांना पाणी लागत नाही, असं शेठ म्हणाले." सोळा बिऱ्हाडं. तिसऱ्या दिवशी बायकांनी रिकामे हंडे घागांच्या दारात आणून आपटले. आठव्या दिवशी ऋतिकाचे वडील जितेंद्र तिला वेणीला धरून शेठच्या कचेरीत घेऊन गेले आणि पाया पडायला सांगितलं.

"माझे पाय कशाला? शाळेसमोर माफी माग," शेठ शांतपणे म्हणाले. "आणि तुला हे शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. माझं मीच विचारलं," ऋतिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी शेठ खुर्ची टाकून बसले. ऋतिका माइकपाशी उभी होती. सर रात्रभर मनाशी घोकत आले होते, की सरळ सांगून टाकायचं, मी शिकवलं. पण निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि शेठ थेट त्यांच्याकडेच बघत होते.

"सर, असले प्रश्न तुम्ही शिकवता?"

"नाही," सर म्हणाले. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण सुटलेली जीभ आवरेना. "ही मुलगी पहिल्यापासूनच उद्धट आहे."

ऋतिकाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग माफी मागितली, एकेक शब्द स्पष्ट उच्चारून. आधी शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी.

संध्याकाळी टँकर आला. महिन्याभरात जितेंद्रनी मुलीला चिपळूणला आत्याकडे धाडलं. शाळा सुटली ती सुटलीच. शनिवारच्या तासाला सर पत्रलेखन घेऊ लागले. मयूर नावाच्या मुलाने विचारलं, "सर, टेप नाही लावायची?" त्याला त्यांनी तासभर वर्गाबाहेर उभं केलं.

नळ यायला पुढे सात-आठ वर्षं लागली. श्रेय घ्यायला शेठ हजर होते. त्यांच्या सत्काराचं मानपत्र लिहायला निवृत्त दिनानाथ सरांशिवाय दुसरं कोण? 'जलदाते', 'भगीरथ', सगळं त्यांनी लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलंही.

खाली उतरल्यावर जितेंद्र घाग भेटले. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"सर, तुमचे उपकार आहेत. त्या दिवशी तुम्ही तिला खडसावलंत म्हणून निभावलं."

"ऋतिका कशी आहे?" सरांनी विचारलं.

"चिपळूणलाच दिली. एक मुलगा आहे. कुणाशी फार बोलत नाही ती. सासरचे अगदी खूश आहेत."

"बरं झालं," सर म्हणाले, आणि चहाच्या रांगेकडे वळले.