तळहाताएवढी साक्ष

आमची ओळख भांडणाने झाली, हे मी प्रारंभीच नमूद करतो. या गौरवग्रंथातील इतर लेख वाचून शेख गफूर पेंटर हे केवळ गोड बोलणारे गृहस्थ आहेत असा समज होण्याचा संभव आहे. तो समज चुकीचा आहे.

त्या काळी मी वणीत, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये पत्रा ठोकण्याचे, म्हणजे डेंटिंगचे काम करीत असे. एका जीपच्या दारास रुपयाएवढा पोचा आला होता. तो मी हातोडीने काढला आणि रंग सगळीकडे सारखा दिसावा म्हणून संपूर्ण दार पॉलिश पेपरने घासून पांढरे केले. गफूरभाई त्याच सकाळी आमच्या शेडमध्ये पेंटर म्हणून रुजू झाले होते. ते दारासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊ, पोचा केवढा होता?"

"रुपयाएवढा."

"मंग आख्खं दार काहून सोललं?"

रंग जुना झाला होता, असे मी सांगितले.

"जुना झालता, मेला नोयता. जित्या जनावराची कातडी काढून राह्यले तुमी."

मी वयाने त्यांच्याहून मोठा आणि शेडमधील जुना माणूस. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच माझ्यापुढे चहा ठेवला, परंतु आपले शब्द मागे घेतले नाहीत. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे आम्ही एकाच छपराखाली काम केले. मी ठोकावे, त्यांनी रंगवावे. ते शब्द त्यांनी आजपर्यंत मागे घेतलेले नाहीत, आणि घेऊ नयेत.

कंपनीच्या मूळ रंगाविषयी त्यांना एवढा आदर का, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एका ट्रकमालकाने कंपनीतून नवी गाडी आणण्यासाठी त्यांना सोबत नेले होते आणि तेथे त्यांना कारखाना आतून पाहावयास मिळाला. परत आल्यावर संध्याकाळी म्हणाले, "नारायणभाऊ, आपन रंग लावतो. ते रंग शिजवतात." मग त्यांनी समजावून सांगितले. तेथे गाडीची संपूर्ण बॉडी हौदात बुडवतात. जेथे आपला ब्रश जात नाही आणि रंग फवारण्याची गनही पोहोचत नाही, त्या घडीघडीत अस्तर बसते. मग ती भट्टीतून काढतात, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. तो थर नखाएवढाही जाड नसतो, परंतु पत्र्याशी एकजीव झालेला असतो. आमच्या शेडमधला रंग उन्हाने वाळतो आणि उन्हानेच उडतो. स्वतःच्या धंद्याविषयी इतके खरे बोलणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

म्हणून हल्ली कोणी म्हणाले, "आता कंपनीचा रंग टिकत नाही, कागद असतो नुसता," की मला संताप येतो. रंग टिकत नाही असे म्हणणाऱ्याने प्रथम आपले फडके दाखवावे. आमच्या भागात गाडीवर बसते ती साधी धूळ नव्हे, कोळशाची बारीक कच असते. ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे गाडीला रोज पॉलिश पेपर मारणे होय. हे गफूरभाईंनी वणीत इतक्यांना सांगितले की त्यांचा घसा खराब झाला. आधी पाणी सोडा, धूळ वाहू द्या, मग हात लावा. लोक मान डोलवतात आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावरच्या दुपट्ट्यानेच बोनेट पुसतात. चमक यावी म्हणून रॉकेल चोळणारे सुशिक्षित लोकही मी पाहिले आहेत. नंतर दोष कारखान्याला.

एका प्राध्यापकांना मुलीच्या लग्नासाठी आपली मोटार नव्याने रंगवून हवी होती. गफूरभाईंनी स्पष्ट नकार दिला. म्हणाले, "सर, रंग जिता हाये. मळला हाये फक्त." त्यांनी एक संपूर्ण दिवस पाणी आणि मऊ पॉलिश घेऊन त्या मोटारीवर घालवला. मोटार नवीसारखी झाली आणि आमचे मोठे काम गेले. मी फार बोललो त्यांना. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी तशीच परत पाठवली.

एका शिक्षिकाबाईंनी जिल्ह्याबाहेरच्या एका विक्रेत्याकडून नवी मोटार घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या दाराचा रंग फोडासारखा उठला. विक्रेत्याचा माणूस आला आणि म्हणाला, तुमच्या वणीची कोळशाची हवाच खराब. गफूरभाईंनी चारही दारे बोटाच्या पेराने वाजवली. तीन दारे पत्र्यासारखी वाजली, चौथे मातीच्या मडक्यासारखे. आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, भरलेली होती. म्हणजे गाडी कोठेतरी ठोकली जाऊन, दार भरून, वरून रंग मारून ती नवी म्हणून विकली होती. तो माणूस म्हणाला, "तुम्ही कंपनीचे इंजिनियर आहात काय?" गफूरभाई म्हणाले, "नाही साहेब. म्हनूनच आयकू येते." त्यांचे निवेदन मी माझ्या हस्ताक्षरात लिहिले. मी चौथी उत्तीर्ण आहे, परंतु त्या निवेदनात खाडाखोड नव्हती. बाईंनी ते कंपनीकडे पाठवले आणि त्यांना दुसरी गाडी मिळाली.

दसऱ्याचे त्यांचे काम तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. गाड्यांना झेंडूचे हार घालतात, ते हार लोखंडी तारेत ओवलेले असतात. गाडी धावू लागली की तार पत्रा ओरबाडते, आणि पुढे तेथेच गंज धरतो. म्हणून गफूरभाई दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी सुती दोऱ्याचे रीळ घेऊन फुलवाल्यांपाशी बसतात आणि येणाऱ्याचा हार फुकट ओवून देतात. एकदा एक ट्रकमालक म्हणाला, "चाचा, पूजेत तुमचं काय काम?" ते मान वर न करता म्हणाले, "पूजा तुमची, पत्रा माया. आना तो हार इकडं."

आता त्यांच्या साक्षीविषयी. एखादी गाडी रंगवणे अटळच झाले, तर गफूरभाई तिच्यावर एका झाकलेल्या जागी मूळ रंगाचा तुकडा तसाच राखतात. त्या जागी स्वतःचा तळहात ठेवतात, भोवती पेन्सिल फिरवतात आणि तेवढा भाग कागदाने झाकून मग गन चालवतात. याला ते साक्ष म्हणतात. पुढे कोणालाही मूळ रंग कोणता होता ते पाहता यावे, आणि नवा रंग कोणाच्या हाताने दिला तेही कळावे. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी हा नियम घालून दिला आहे. तुकडा त्याच्या स्वतःच्या तळहाताएवढा असावा.

आणि त्यांची स्कूटर. पिस्ता रंगाची, पत्र्याच्या बॉडीची. तिच्यावर कारखान्यातून आला तोच रंग होता. होता, असे मला लिहावे लागत आहे. चाळीस उन्हाळे, तेवढेच पावसाळे आणि वणीची सगळी कोळशाची धूळ तिने सोसली. कोणी रंग टिकत नाही म्हटले की गफूरभाई वाद घालीत नसत, स्कूटरकडे बोट दाखवीत. या स्कूटरवर मागे बसून मी त्यांच्यासोबत राजूरपर्यंत कितीदा गेलो, याची गणती नाही.

येथून पुढील मजकूर गाळावा असे संपादक मंडळाने मला सुचवले. गाळावयाचा असल्यास संपूर्ण लेख गाळावा, असे मी कळवले आहे.

गफूरभाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरव समिती झाली. मीही सदस्य. तिसऱ्या बैठकीत निमंत्रणपत्रिकेचा मसुदा आला. त्यात माझे नाव मंडपवाल्याच्या खाली होते. मी उठलो आणि घरी निघून आलो. मी उठल्यावर, त्याच बैठकीत, गफूरभाईंची स्कूटर व्यासपीठावर ठेवावी आणि तत्पूर्वी ती रंगवून घ्यावी असे ठरले. मी बसून राहिलो असतो, तर ते ठरले नसते. समितीवर रागावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे आणि मी रागावलेलो आहे. परंतु त्या दिवशी माझी खुर्ची रिकामी होती, हेही याच लेखात लिहिले गेले पाहिजे.

अध्यक्ष मधुकरराव हे सुट्या भागांचे मोठे दुकान चालवतात. त्यांनी गफूरभाईंच्या मुलाकडून सर्व्हिसिंगच्या नावाने किल्ली घेतली. काम राजूरच्या देविदासला दिले. देविदास हा गफूरभाईंचाच शिष्य, आज त्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे. उस्तादांचीच इच्छा आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने विश्वास ठेवला.

समारंभाच्या पंधरा दिवस आधी समितीने गफूरभाईंना व मला बोलावून स्कूटरवरील चादर दूर केली. चकचकीत लाल रंग. पुढच्या पत्र्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचे नाव. शेजारी छापून आलेली पत्रिका ठेवलेली, तीत लिहिले होते, 'ज्यांच्या हातचा रंग कंपनीच्या रंगालाही मागे टाकतो.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. गफूरभाईंनी पत्र्यावर पेराने एकदा वाजवले. मग म्हणाले, "मेहनत लय केली पोट्ट्याहो," आणि पायी घरी गेले. त्या माणसाने त्या क्षणीही कोणाचा अपमान केला नाही.

मी त्यांच्यामागे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"सत्कार मले नोको, नारायणभाऊ. ज्याच्यासाठी सत्कार हाये, तेच घासून टाकलं त्यायनं. आता तिथं येऊन मी काय दाखवू?"

मी मधुकररावांच्या दुकानात गेलो आणि जे बोललो ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. ते म्हणाले, "काका, चांगलं करासाठीच केलं न बाप्पा. जुनाट दिसे ते." जुनाट. चाळीस वर्षे टिकलेल्या वस्तूला आमच्याकडे हा एकच शब्द उरला आहे. ज्याने आयुष्यभर मूळ रंगाला हात लावू नका असे सांगितले, त्याचा गौरव करावयाचा म्हणून त्याच्याच गाडीचा मूळ रंग खरवडून काढावा, आणि जो दावा त्याने कधी केला नाही तो पत्रिकेवर छापावा, हे ज्यांना चुकले असेही वाटत नाही, त्यांना मी काय समजावणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी देविदास ती स्कूटर ढकलीत गफूरभाईंच्या दारी आला. त्याला खरे कळले होते. तो वर पाहत नव्हता. त्याने फक्त सीट उचलली. सीटखाली झाकल्या जाणाऱ्या पत्र्यावर, लाल रंगाच्या मधोमध, पिस्ता रंगाचा एक हात होता. पाचही बोटे स्पष्ट.

गफूरभाईंनी आपला तळहात त्यावर ठेवला. तो तंतोतंत बसला.

"हा तर माया हात हाये," ते म्हणाले. "तुया कुठं हाये?"

"शिकत होतो तवा तुमच्या हाताचा पुट्ठा कापून ठेवलता, उस्ताद. तोच ठेवतो. आजवर कोनत्याच गाडीवर माया नाही ठेवला."

मला वाटले, आता गफूरभाईंचे डोळे भरून येतील. ते भयंकर रागावले.

"म्हंजे आजवर साऱ्या गाड्याइवर खोटी साक्ष देऊन राह्यला तू. काम तुयं अन् हात माया? उद्या कोनी इचारलं का हे लाल कोनं मारलं, तर गाडी मायं नाव सांगन." त्यांनी देविदासचा हात धरून स्वतःच्या हाताशेजारी त्या लाल पत्र्यावर दाबला. "पेन्सिल आन. हा तुया हात इथं काढ, अन् खाली नाव लिही."

देविदासने पेन्सिल फिरवली. खाली नाव लिहिले. गफूरभाईंनी सीट उचललेलीच ठेवली.

"नारायणभाऊ, रंग गेला. पन साक्ष हाये. अन् साक्षीदाराले तर हजर राहाच लागते. येतो म्हना त्यायले."

त्यांच्या दोन अटी मी समितीस कळवल्या आणि त्या मान्य झाल्या आहेत. स्कूटर व्यासपीठावर सीट उचललेल्या स्थितीत उभी राहील. पत्रिकेतील ते वाक्य काळ्या शाईने खोडले जाईल. शिल्लक पत्रिकांवर ते मी स्वतः खोडत आहे.

एक गोष्ट लिहावयाची राहिली. हातोडीच्या आवाजाने माझा डावा कान पुष्कळ वर्षांपूर्वी गेला. हे मी कोणाला सांगितले नाही. परंतु तेव्हापासून गफूरभाई चालताना, बसताना, चहाच्या टपरीवरही नेहमी माझ्या उजव्या बाजूस असतात. त्याविषयी ते एक अक्षरही बोललेले नाहीत, म्हणून मीही बोललो नव्हतो.

समितीस माझ्या दोन सूचना आहेत. त्या दिवशीचा हार सुती दोऱ्यात ओवलेला असावा, तो मी तपासून घेईन. आणि माझे नाव पत्रिकेत कोठेही असले तरी माझी हरकत नाही, फक्त व्यासपीठावर गफूरभाईंची खुर्ची माझ्या उजव्या हाताला असावी. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. माझा हा एक कान शाबूत आहे तोवर त्यांनी मला त्यात रागवत राहावे, आणि तो गेल्यानंतरही त्यांनी रागवणे थांबवू नये.