कुहीच्या तळ्यावरचा समुद्रगरुड

पाखरं बघायची सवय मला प्रताप नगरातल्या शेजारच्या ताईंनी लावली. नवरा गेल्यावर मी शाळेत शिकवायला जाण्यापलीकडे कुठंच जात नव्हते. त्यांनीच एका रविवारी दार वाजवलं, जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली आणि स्कूटरवर मागे बसवलं. त्यानंतर आमचे कितीतरी रविवार असेच गेले.

त्या हिवाळ्यात ताईंचा गुडघा दुखत होता, म्हणून कुहीकडच्या तळ्यावर मी एकटीच गेले. पाण्याकाठच्या वाळलेल्या झाडावर एक प्रचंड गरुड बसला होता. दणकट पिवळी चोच, आखूड पांढरी शेपटी. ताईंच्या पुस्तकात पाहिला होता तो समुद्रगरुड. थंडीत देशाच्या उत्तरेकडे क्वचित उतरतो, पण इतक्या खाली, विदर्भात? पहिला फोन ताईंनाच केला.

दुसऱ्या दिवशी ताई गुडघ्याला पट्टा बांधून आल्या. गरुड पाहिला आणि माझा हात घट्ट धरला. "तुले दिसला वं हा! मी जन्मभर वाट पाहून राहिली होती."

तळ्याकडे जायला एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईच्या धानाच्या बांधीतूनच वाट होती. धान निघाल्यावर तिनं तिथं डाळीसाठी लाखोळी पेरली होती, निळी फुलं आली होती.

"तुम्ही दोघी या," ती म्हणाली, "पण कोणाले सांगू नका. माही लाखोळी तुडवतील."

आम्ही दोघींनी शब्द दिला.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले, तर बांधापर्यंत गाड्याच गाड्या. लाखोळीत कॅमेऱ्यांचे स्टँड रोवलेले. मधोमध ताई सांगत होत्या, "मले तर पाहताक्षणीच समजलं!" तेवढ्यात कोणीतरी ड्रोन सोडला. गरुड उठला, तळ्यावर एक फेरी मारली आणि दिसेनासा झाला.

"ताई, आपण शब्द दिला होता."

"अवं, असा पक्षी काय रोज येते? लोकांनी पाहायले नको?"

"आणि पहिल्यांदा कोणी पाहिला?"

कोणीतरी फोटोसाठी हाक मारली, ताई तिकडे वळल्या.

शेतकरीणबाई ताईंकडे न जाता थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुह्यावर भरोसा केला होता मी."

मी सांगितलं नाही, हे तिला कसं पटवू? ज्यांनी सांगितलं, त्यांना तिच्या बांधीत मीच आणलं होतं.

आठवड्यानं पुन्हा गेले. वाटेवर बोरीच्या काट्या रचलेल्या होत्या. पलीकडे शेतकरीणबाई आडवी पडलेली लाखोळी कापत होती. मी हाक मारली. तिनं एकदा मान वर केली आणि पुन्हा विळा चालवायला लागली.