चढणीला मागून चालणारी

आमचं वरचं वावर माळावर हाय. तिकडं जायला एकच वाट, ती बी खोरीतून. आधी मुरूम, मग सुटे दगड आणि शेवटी अशी उभी चढण की बैलसुद्धा मान खाली घालून चढायचे. त्या वाटेनं मी तीस वर्षं टॅक्टर चालवला. गावातली पोरं माझ्याकडं शिकायला यायची. मी सांगायचो, चढणीच्या पायथ्याला थांबा, खाली उतरून वाट बघा. बारका गेर खालीच टाका, मग माथा येईस्तोवर क्लचला पाय लावू नका. उतरताना न्यूट्रल केलं तर मराल. मडगाडवर कुणाला बसवू नका, आईला बी न्हाई, बायकोला बी न्हाई. सगळं खरं सांगायचो. फक्त माझ्या टॅक्टरचा ब्रेक धरत न्हाई, ही गोष्ट सांगत नव्हतो.

ब्रेकचं काम माझी बायको करायची. टॅक्टरमागची टायली भरलेली असली की ती पायथ्याला उतरायची, पदर खोचायची, एक चपटा दगड पोटाशी धरायची आणि टायलीच्या मागं मागं चालायची. टॅक्टर दमून थांबला की मी वरून ओरडायचो, "लाव!" ती वाकून चाकामागं दगड सरकवायची. इंजनानं दम खाल्ला की मी पुन्हा निघायचो, ती दगड उचलून पुन्हा मागं. पारावर बसलो की मी हसून सांगायचो, माझ्या टॅक्टरला दोन ब्रेक हायती, एक पायाखाली अन् एक मागं. लोक हसायचे. तिच्या भावानं एकदा तिथंच तोंडावर विचारलं, "दाजी, गाडीला ब्रेक न्हाई म्हणून माझी बहीण जुंपलीय व्हय?" मला राग आला. चौसाळ्याचा मिस्त्री म्हणत होता, एक दिवस टॅक्टर माझ्याकडं सोडा. मी म्हणायचो, पेरणी होऊ दे. मग म्हणायचो, मळणी होऊ दे. अशी किती वर्षं गेली.

त्या दिवशी शेणखत न्यायचं होतं. माथ्यावर शेजारच्या वावरात चार माणसं उभी होती. ती बघत होती म्हणून मी खाली थांबलो न्हाई, वरच्या गेरात तसाच चढणीला लागलो. निम्म्यात इंजन गचके खायला लागलं. मग मी जे पोरांना करू नका म्हणायचो तेच केलं. क्लच दाबला. टॅक्टर मागं यायला लागला. ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो तरी येतच होता. मी ओरडलो, "लाव! लाव!"

टॅक्टर थांबला. मी स्टेरिंग धरून बसलो, वाटलं सुटलो.

मागून ती म्हणाली, "आवं, जरा म्होरं घ्या."

"म्होरं कावून? थांबलाय की!"

"हात हाय खाली."

ती ओरडली न्हाई. मला घाबरवलं तर टॅक्टर आणखी मागं येईल, हे तिला कळत होतं. मी कसाबसा वीतभर म्होरं घेतला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. माथ्यावरची माणसं तोवर कामाला लागली होती, टायलीआडचं कुणाला दिसलं न्हाई.

चौसाळ्याला दवाखान्यात नेलं. तासाभरात तिचा भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "काय झालं, दाजी?" मला त्याचं पारावरचं बोलणं आठवलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "कडबा कुट्टीत गेली बोटं." ती खाटेवर होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग भावाला म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं रं."

मुलगा तेव्हा ऊसतोडीला गेलता. आला तो थेट दारातल्या, कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनपाशी गेला. "आईची बोटं खाल्लेली ही मशीन दारात नको," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी विकून टाकली. मी उंबऱ्यात उभा होतो. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. पुढं आठ वर्षं तिनं जनावरांचा कडबा इळ्यानं तोडला, तीन बोटांच्या हातानं. थंडीत हात ठणकायचा, मग काखेत धरून बसायची. एकदाच म्हणाली, "त्या मशीनला उगं बोल लागला." मला म्हणाली न्हाई. म्हशीकडं बघून म्हणाली.

मागच्या साली पोटाच्या दुखण्यानं ती गेली. दहाव्याला तिचा भाऊ लोकांना सांगत होता, लई सोसलं बहिणीनं, कुट्टीत बोटं गेली तरी काम सोडलं न्हाई. मी तिथंच बसलो होतो, मुंडण केलेलं डोकं घेऊन.

आता टॅक्टर मुलगा चालवतो. मी वरच्या वावरात नुसता जाऊन बसतो. परवा बांधावर बसलो होतो तर खालून टॅक्टरचा आवाज आला. उठून बघितलं. मुलगा खत घेऊन येत होता. टायलीच्या मागं सूनबाई, पदर खोचलेला, पोटाशी दगड. मुलगा माझ्याच आवाजात ओरडला, "लाव!" ती वाकली.

ती दोघं वर आली. सून घाम पुसत म्हणाली, "मामा, असं काय बघताय? भूत दिसलं का काय?"

मी म्हणालो, "आजपासून मागं चालायचं न्हाई."

मुलगा हसला. "मग काय तुमी चालता, आबा? आईनं तर जलमभर लावला दगड. तिला काय झालं?"

म्हणून मग सांगितलं. वावरात उभं राहून, क्लच कुठं दाबला, ती काय म्हणाली, दवाखान्यात मी काय बोललो, समदं. सुनेनं दगड हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात पदरात घेतले. मुलानं चाकाकडं बघितलं. मग म्हणाला, "मग मशीन कावून विकू दिली?"

मी सुनेनं ठेवलेला दगड उचलून बांधावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टॅक्टर मिस्त्रीकडं नेला. सकाळी गेला आणि दुपारच्या भाकरीला परत बी आला. ब्रेकचं एवढंच काम होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत न्हाई. जेवायचं झालं तर बायकोला म्हणतो, "त्यांना बसायला सांग."

काल पुन्हा खत न्यायचं होतं. मी बी गेलो. पायथ्याला तो उतरला, चढणीवर पायी जाऊन वाट बघून आला. बायकोला म्हणाला, "तू पायवाटेनं वर जा. मी माथ्यावर येईस्तोवर वाटेत पाऊल टाकू नको." ती गेली, मी पायथ्यालाच थांबलो. त्यानं बारका गेर टाकला आणि चढायला लागला. निम्म्यात मुद्दाम थांबवला. भरल्या टायलीनिशी टॅक्टर चढणीवर उभा राहिला, जागचा हलला न्हाई. मागं कुणीच नव्हतं. मुलानं वळून मागं बघितलं, मग खाली माझ्याकडं. मला त्याच्याकडं बघवलं न्हाई.