पेनाचं टोपण

घाटकोपरच्या आमच्या गॅस एजन्सीत तक्रारीच्या दोन खिडक्या आहेत, एक माझी आणि शेजारची तिची. सिलिंडर आला नाही म्हणून माणसं भांडायलाच येतात. तिच्यावर कुणी ओरडलं की ती आधी पेनाला टोपण लावते, एक सावकाश श्वास घेते, टोपण काढते आणि म्हणते, "हां दादा, बोला ना." एकाने तर गॅसचं पुस्तक तिच्या अंगावर फेकलं. तिने टोपण लावलं, श्वास घेतला, पुस्तक उचललं आणि विचारलं, "पाणी देऊ?" तो चक्क सॉरी म्हणाला.

माझ्या पोटात दुखतं. ध्यानाचं ॲप मीही रोज सकाळी लावते. एकदा मीही टोपण लावून डोळे मिटले, तर समोरचा म्हणाला, "ओ मॅडम, झोपताय काय?" मग त्याला असा झापला की साहेब बाहेर आले.

परवा माझी आई तक्रार घेऊन आली. माझी खिडकी रिकामी होती, तरी ती शेजारच्या रांगेत उभी राहिली. मी हाक मारली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "तू खेकसतेस."

मी पेनाला टोपण लावलं. ते काढायला बराच वेळ लागला.